परवाना लागत नाही असा दाखला

टॅटू काढायला आपल्याकडे वेगळा परवाना लागत नाही, हे ऐकून आमच्या दाजींचा चेहरा जसा झाला, तसा मी तो याआधी एकदाच पाहिला होता. त्यांच्या कचेरीतून गोल शिक्का हद्दपार होणार आणि सगळं ऑनलाइन होणार, अशी अफवा उठली होती तेव्हा.

"लागत नाही म्हणजे?" दाजी म्हणाले. "कुणाचा लागत नाही? कलेक्टरचा? महापालिकेचा? आरोग्य खात्याचा?"

"कुणाचाच नाही, पप्पा," भाची म्हणाली.

"असं होत नसतंय. भेळेच्या गाडीला लागतो. कुत्रं पाळायला लागतो. गणपतीत कर्णा लावायचा तर परवानगी लागते. आणि जित्या माणसाला सुया टोचायला काहीच लागत नाही?"

एवढं बोलून दाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी शाळेत मराठी शिकवतो. घरात कुणी काही नवीन काढलं की 'मास्तर, तुम्ही बघा जरा' म्हणून ते माझ्याकडे येतं, कारण मास्तरांना दुपारनंतर उद्योग नसतो असा सर्वांचा समज आहे. समज बरोबर आहे, पण तो असा चारचौघांत बोलून दाखवू नये.

दाजींचा टॅटूला विरोध नव्हता, हे इथे नमूद केलं पाहिजे. त्यांचा विरोध टॅटूची फाइल नसण्याला होता. मुलीने डॉक्टर व्हावं अशी त्यांची इच्छा होती, आणि तिने फिजिक्सच्या पुस्तकाच्या समासात साप, मोर आणि फिजिक्सच्या सरांचं नाक यांपलीकडे काही शिकून घेतलं नाही, हे त्यांनी मोठ्या मनाने मान्य केलं होतं. मुलगी टॅटू काढायला शिकणार म्हटल्यावर ताई दोन दिवस रडली, मग डोळे पुसून तिने एकच प्रश्न विचारला, "त्यात पेन्शन असतं का?" दाजींचं म्हणणं मात्र वेगळं होतं. मुलगी काहीही होवो, ती झाल्याचा कागद पाहिजे.

कागदाच्या शोधात आम्ही पुण्यातल्या एका अकादमीत गेलो. नावात 'इंटरनॅशनल' होतं आणि जिना चढताना डोकं आपटत होतं. संचालक म्हणून जो तरुण समोर आला, त्याची दाढी छातीपर्यंत होती आणि दोन्ही हातांवर बोट ठेवायला जागा शिल्लक नव्हती.

दाजींनी डायरी उघडली. "आपली शैक्षणिक अर्हता?"

त्याने टी-शर्टची बाही खांद्यापर्यंत वर केली. तिथे एक वाघ होता. वाघ चांगला होता, पण दाजींना विद्यापीठ हवं होतं.

"आणि संस्थेला मान्यता कुणाची?"

"सर, इन्स्टावर बघा ना, कसले फॉलोअर्स आहेत."

"शासनाची?"

"आयएसओ आहे सर."

आयएसओ ९००१ म्हणजे कामाच्या व्यवस्थापनाचं प्रमाणपत्र. कोण काय करतो ते लिहून ठेवलंय आणि नोंदी जागच्या जागी आहेत, इतपत त्याचा अर्थ. वाघाचे पट्टे सरळ येतील अशी हमी त्यात नसते. पण नोंदी जागच्या जागी आहेत म्हटल्यावर दाजी निम्मे विरघळले. उरलेले निम्मे प्रमाणपत्राचा नमुना बघून विरघळले. सोनेरी किनार, लाल मोहोर, खाली दोन सह्या. अभ्यासक्रम तीन होते, बेसिक, ॲडव्हान्स्ड आणि मास्टर. फीचा आकडा तिन्हींना होता. मला एवढंच खटकलं की आपल्याकडे मोटरसायकलचं शिकाऊ लायसन्स काढलं तरी पक्क्या लायसन्सच्या परीक्षेला बसायला महिनाभर थांबावं लागतं, आणि इथे तेवढ्या वेळात माणूस 'बेसिक'मधून निघून 'मास्टर' होऊन परत गावाला पोचत होता.

भाची आमच्यापेक्षा शहाणी. तिने बेसिक केलं, प्रमाणपत्र दाजींच्या हातात ठेवलं आणि खरं शिकायला एका जुन्या टॅटूवाल्याच्या हाताखाली जाऊन बसली. तिथे पहिले कित्येक महिने तिने फरशी पुसली, चहा आणला, खुर्चीला प्लास्टिक गुंडाळलं आणि लोकांची स्टेन्सिल कापली. मशीनला हात लावायचा नाही. हे ऐकून दाजींचा जीव भांड्यात पडला. त्यांनीही नोकरीची पहिली वर्षं साहेबांच्या टेबलावरच्या फाइली सरळ करण्यात काढली होती. "म्हणजे प्रोबेशन आहे," ते म्हणाले.

तरीही रात्री जेवण झालं की ते मोबाइल घेऊन बसत आणि जगात कुठे कुठे या कामाला नियम आहेत ते शोधत. सर्वांत आधी ते ऑरेगॉनच्या प्रेमात पडले. अमेरिकेतल्या या राज्यात टॅटूचा परवाना हवा असेल तर किमान ३६० तासांचं प्रशिक्षण लागतं. २१० तास थिअरी, १५० तास प्रात्यक्षिक, ५० टॅटू पूर्ण केल्याची नोंद, आणि वर परीक्षा. दाजींनी हे सगळं लाल आणि निळ्या शाईने वहीत उतरवलं. "मास्तर, ३६० तास. रोज सहा धरले तर साठ दिवस. मधली सुट्टी, चहा आणि साहेब दौऱ्यावर असलेले दिवस धरून आपल्याकडे अडीच वर्षं." त्यांच्या आवाजात हळहळ होती. सत्तरीकडे झुकलेल्या माणसाला आपण चुकीच्या राज्यात जन्मलो असं वाटताना मी प्रथमच पाहत होतो.

न्यूयॉर्कचं प्रकरण त्यांना त्याहून आवडलं. विजेवर चालणाऱ्या टॅटूयंत्राचं पेटंट १८९१ साली सॅम्युअल ओरायली नावाच्या माणसाने याच शहरात बसून घेतलं. मूळ कल्पना एडिसनच्या विजेच्या पेनावरून उचललेली. एडिसनने ते पेन बिचाऱ्या कचेऱ्यांसाठी काढलं होतं, कागदाला भोकं पाडून त्याच्या नकला काढायला. म्हणजे हे यंत्र मुळात दाजींच्या खात्याचं होतं आणि मधल्या मध्ये कुणीतरी पळवलं, असा त्यांचा निष्कर्ष. पुढे १९६१ साली याच शहराने हिपॅटायटिस बीचं कारण देऊन टॅटूवर बंदी घातली आणि ती थेट १९९७ साली उठवली. मधली ३६ वर्षं टॅटूवाले घराच्या मागच्या खोलीत, पडदे ओढून काम करत होते. आता तिथे आरोग्य खात्याचा परवाना लागतो आणि त्याआधी जंतुसंसर्ग कसा टाळायचा याची परीक्षा द्यावी लागते.

"३६ वर्षं बंदी," दाजी कौतुकाने म्हणाले. "बंदी म्हणजे निदान दखल तरी घेतली."

डेन्मार्कने १९६६ पासून डोकं, मान आणि हाताचे पंजे एवढ्यांवर टॅटू काढायला कायद्याने मनाई केली आहे. "म्हणजे बाकीचा माणूस शासनाने मोकळा सोडलाय," दाजींनी टीप लिहिली.

पण घरात खरी खळबळ उडवली ती दक्षिण कोरियाने. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९२ साली ठरवलं की टॅटू काढणं हे वैद्यकीय काम आहे, सबब ते डॉक्टरनेच करायचं. देशभर टॅटूवाले बोकाळलेले, त्यांत डॉक्टर औषधालाही नाही, आणि कागदोपत्री सगळे गुन्हेगार. दाजींनी हे वाचून दाखवलं तेव्हा ताई आतून पोळपाट हातात घेऊनच बाहेर आली.

"म्हणजे आधी डॉक्टर व्हायचं आणि मग टॅटू काढायचे?"

"हो."

"मग हे आधी नाही का सांगायचं? दोन्हीचं जमलं असतं की!"

पुढचे काही दिवस ताईने शेजारणींना कोरियाविषयी बरंच सांगितलं. तिच्या दुर्दैवाने सप्टेंबर २०२५ मध्ये कोरियाच्या संसदेने डॉक्टर नसलेल्यांनाही परवाना देणारा कायदा मंजूर केला. अंमल दोन वर्षांनी. जपानमध्येही ओसाकाच्या एका टॅटूवाल्याला डॉक्टर नसताना सुया टोचल्या म्हणून दंड झाला होता, पण तो गडी हटला नाही, वर भांडत गेला आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने टॅटू म्हणजे वैद्यकी नव्हे असं सांगून प्रकरण मिटवलं. "आपल्याला काही मिळायला लागलं की नियमच बदलतात," असं म्हणून ताई पोळ्या लाटायला गेली.

या सगळ्यात माझ्या आईला कुणी विचारलं नव्हतं. तिच्या कपाळावर आणि हनुवटीवर ठिपके आहेत, मनगटावर तुळशीवृंदावन आहे, म्हणजे घरात टॅटूचा प्रत्यक्ष अनुभव असलेली ती एकटीच. दाजींनी एका रविवारी रीतसर तिची जबानी घेतली.

"आई, तुम्हाला गोंदणारी जी बाई आली, ती शिकली कुठं?"

"सासूच्या हाताखाली."

"प्रशिक्षणाचा कालावधी?"

"सासू मरस्तोवर."

"सुया निर्जंतुक केलेल्या होत्या का?"

"तीन सुया दोऱ्यानं बांधल्यावत्या. काजळी लावली, टोचलं, वर हळद चोळली."

"तुमची संमती होती?"

"आँ?"

"म्हणजे तुम्ही हो म्हणाला होता का?"

"दोन मावश्यांनी पाय धरलं आन् आत्तीनं तोंड दाबलं. हो कशानं म्हणू?"

दाजींनी लिहिलं, 'अर्जदार अज्ञान. संमती नाही. नातेवाईक हजर.' फीच्या रकान्यात सूपभर जोंधळे आणि एक जुनं लुगडं. वही मिटताना आईने त्यांना थांबवलं. "जावईबापू, मेल्यावर संगं येणारा दागिना त्यो येवढाच म्हंत्यात. तुमची ती फाइल येती का?" दाजींनी हे लिहून घेतलं नाही.

दरम्यान भाचीला मशीन हातात घ्यायची परवानगी मिळाली. सुरुवात माणसापासून करत नाहीत. आधी रबरासारखी खोटी कातडी, संत्री, केळी. केळ्याचं साल पातळ, जरा जोर जास्त झाला की फाटतं, त्यामुळे हात हलका होतो. माणसाच्या कातडीत सुई दीड-दोन मिलिमीटर जायला हवी. वरच राहिली तर शाई कातडीबरोबर झडून जाते, फार खोल गेली तर ती आत पसरते आणि बारीक रेघेचं काजळाचं बोट होतं. हे सगळं मला तोंडपाठ झालं, कारण ताईच्या घरी गेलं की खायला मिळणाऱ्या प्रत्येक फळावर काहीतरी काढलेलं असे. संत्र्यावर विंचू. पेरूवर डमरू. साल काढली की खाली फळ ठीक असतं, असं भाची म्हणायची, पण विंचू सोलून खाताना मन तयार होत नाही.

सत्यनारायणाच्या दिवशी शिऱ्यात घालायला ताईने घाईत डझनातली केळी उचलली. गुरुजींनी एक हातात घेतलं आणि ते बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिले. केळ्यावर कवटी होती. कवटीच्या दातांत गुलाब.

"हे काय?"

"शाईच आहे गुरुजी," दाजी म्हणाले. "साल काढायचीच आहे."

गुरुजींनी कवटी देवाला दिसणार नाही अशा बेताने केळं फिरवून सोललं. दक्षिणेत मात्र त्यांनी त्या वर्षी वाढ सुचवली.

त्यानंतर ताईने फळांना हात लावायला बंदी केली, म्हणून भाचीने लाल भोपळा घेतला. मोठी जागा, कडक साल, हाताला चांगला सराव. तिने त्यावर इतकी सुबक राजमुद्रा काढली की सगळ्या गल्लीने येऊन पाहिली. पंचाईत दुसऱ्या दिवशी झाली. भोपळ्याची भाजी करायची होती आणि सुरी घेऊन ताई त्याच्यासमोर उभी राहिली.

"राजमुद्रेला सुरी लावू मी?"

कुणीच हो म्हणेना. भोपळा शोकेसमध्ये गेला. त्याच्या शेजारचा दाजींचा सेवानिवृत्तीचा शाल-श्रीफळाचा फोटो एक फळी खाली उतरवावा लागला.

शेवटी भाचीने स्वतःचा स्टुडिओ काढला. गाळा लहान, पण आत सगळं झकपक. सुया एकदाच वापरायच्या, वापरल्या की भोसकणार नाही अशा जाड पांढऱ्या डब्यात टाकायच्या, त्या डब्याची विल्हेवाट दवाखान्याच्या कचऱ्यासारखी लावायची. प्रत्येक गिऱ्हाइकाला नवे हातमोजे, शाईची नवी वाटी. तिने हिपॅटायटिस बीच्या लसीचे तिन्ही डोस घेतले, पहिला, मग महिन्याने, मग सहाव्या महिन्यात. यातलं कुणी विचारायला येणार नव्हतं. गावच्या जत्रेत अजूनही एकच सुई संध्याकाळपर्यंत साऱ्या तालुक्याला पुरते आणि लोक रांगेत उभे असतात. भाची जत्रेत गेली की त्या यंत्राकडे बघून डोळे मिटून घेते. निर्जंतुकीकरणासाठी तिने ऑटोक्लेव्ह घेतला.

ताईने त्याच्याभोवती एक चक्कर मारली. "हे काय करतं?"

"वाफेच्या दाबाखाली १२१ अंशाला पंधरा-वीस मिनिटं ठेवायचं. जंतू मरतात."

"म्हणजे कुकर. शिट्ट्या किती?"

आता उरला होता परवाना. महाराष्ट्रात २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने मोजकीच माणसं कामाला असतील तर दुकानदाराने नुसती ऑनलाइन सूचना द्यायची, की अमुक ठिकाणी अमुक धंदा सुरू केला आहे. बस्स. पोच मिळते. लोक तिलाही सवयीने गुमास्ता म्हणतात. दाजींनी पोच हातात घेतली, उलटी केली, उजेडात धरली.

"ही पावती आहे. परवाना कुठाय?"

"पप्पा, एवढंच असतं."

"म्हणजे आपण त्यांना सांगायचं की आम्ही लोकांना सुया टोचतोय, आणि ते म्हणणार 'बरं'?"

तिथून पुढे दाजींनी जे केलं ते या देशात आधी कुणी केलं असेल असं मला वाटत नाही. परवाना लागत नसेल तर परवाना लागत नाही असा दाखला द्या, असा अर्ज घेऊन ते निघाले. मसुदा माझा. 'विषय : गोंदणकामास परवान्याची आवश्यकता नसलेबाबतचा दाखला मिळणेबाबत.' मराठीच्या मास्तराकडून 'नसलेबाबतचा मिळणेबाबत' असं लिहून घेण्याचं पाप दाजींच्या माथी आहे.

पहिल्या खिडकीवरच्या माणसाने अर्ज वाचला. "काका, जे लागत नाही त्याचा दाखला कसा द्यायचा?"

"तेवढंच लिहून द्या."

"तसं लिहून द्यायचा अधिकार आम्हाला नाही."

"मग कुणाला आहे?"

त्याने बोटाने दुसरी खिडकी दाखवली. दुसऱ्या खिडकीने सुया म्हटल्यावर आरोग्याकडे पाठवलं. आरोग्याच्या टेबलावर विचारलं, रोगी कोण आहे? रोगी नाही म्हटल्यावर, मग इथे कशाला आलात? तिथून शाई म्हटल्यावर आणखी कुठे, कातडी म्हटल्यावर आणखी कुठे. एका ठिकाणी तर बाईंनी गोंदण हा शब्द वाचून आम्हाला 'सांस्कृतिक'कडे वर्ग केलं. मी दमलो होतो. दाजी मात्र दर मजल्याला तरुण होत चालले होते. निवृत्तीनंतर इतका आनंद त्यांना कशातच मिळाला नव्हता.

शेवटी त्यांनी हुकमाचं पान काढलं. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहितीच्या अधिकारात अर्ज. तीस दिवसांत उत्तर देणं बंधनकारक. पहिल्या कार्यालयाने कलम ६(३) खाली तो दुसऱ्याकडे ढकलला, दुसऱ्याने तिसऱ्याकडे, आणि एके दिवशी पोस्टाने उत्तर आलं. 'आपण मागितलेली माहिती या कार्यालयाच्या अभिलेखावर उपलब्ध नाही.' खाली सही, जावक क्रमांक आणि निळ्या शाईतला गोल शिक्का.

दाजींनी त्याला फ्रेम केली. ती स्टुडिओत गिऱ्हाइकाच्या खुर्चीसमोरच लावली आहे. मजकूर कुणी वाचत नाही. शिक्का सगळ्यांना दिसतो. "सरकारमान्य आहे वाटतं," असं गिऱ्हाईक म्हणतं, आणि दाजी खोटं बोलत नाहीत. ते फक्त जावक क्रमांक वाचून दाखवतात.

स्टुडिओचं कार्यालयीन काम आपोआपच त्यांच्याकडे आलं. त्यांनी संमतीपत्र तयार केलं, तीन प्रतींत. एक गिऱ्हाइकाला, एक दप्तरी, एक 'माहितीस्तव'. कुणाच्या, ते विचारायचं नाही. त्यात मधुमेह आहे का, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, कसली ॲलर्जी आहे का, हे प्रश्न होते आणि ते योग्यच होते. टॅटूनंतर बारा महिने रक्तदान करता येणार नाही याची मला जाणीव आहे, हेही होतं. सैन्यात भरती व्हायचं असेल तर कुठला टॅटू चालतो ते आधी बघून घेतलं आहे, हेही. पण त्यापुढे रहिवासाचा पुरावा, ओळखीचे दोन साक्षीदार आणि 'टॅटू काढण्याचे प्रयोजन (किमान पन्नास शब्दांत)' असं काय काय होतं. कानामागे एवढंसं फुलपाखरू काढून घ्यायला आलेली एक मुलगी प्रयोजनाच्या रकान्यापाशी अडली. तिने पेन दातात धरलं, छताकडे बघितलं, विचारलं, "नुसतं आवडतं असं लिहिलं तर?"

"शब्द मोजा," दाजी म्हणाले.

ती 'आलेच' म्हणून गेली. फुलपाखरू अजून यायचं आहे.

मलाही एक पद मिळालं, विनावेतन. स्टेन्सिल कातडीवर उमटवण्याआधी त्यातलं मराठी तपासायचं. माझं ठाम मत आहे की ऑरेगॉनच्या ३६० तासांत किमान चाळीस तास ऱ्हस्व-दीर्घाला द्यायला हवेत, निदान महाराष्ट्रात तरी. वहीतली चूक रबराने जाते. दंडावरची लेझरने जाते म्हणतात, पण अनेक बैठकांत आणि काढण्याच्या कितीतरी पट पैशांत. डेव्हिड बेकहॅमने २००० साली बायकोचं नाव हातावर देवनागरीत काढून घेतलं, 'व्हिक्टोरिया', तर तिकडच्या वर्तमानपत्रांत बोंब झाली की त्यात एक 'ह' जास्तीचा पडलाय. हिंदीच्या हिशेबाने पडला असेल. आमच्या शाळेत त्याला पैकीच्या पैकी मिळाले असते.

एकदा आठवीचा तास चालू असताना भाचीचा मेसेज आला. 'मामा, आशीर्वादमधली शी पहिली की दुसरी?' मी लिहिलं, 'दुसरी. दीर्घ.' दोन मिनिटांत फोन. गिऱ्हाईक ऐकत नव्हतं. त्याला 'आई-वडिलांचा आशिर्वाद' पहिल्या वेलांटीनेच हवा होता.

"द्या त्यांना," मी म्हणालो, आणि वर्गाबाहेर येऊन त्या गृहस्थांना रेफासकट सगळं समजावलं.

"सर," ते शांतपणे म्हणाले, "आमच्या बंगल्यावर असंच आहे. ट्रॅक्टरच्या मागं असंच आहे. पोरीच्या लग्नाच्या पत्रिकेत असंच होतं, हजार लोक येऊन जेवून गेले. आणि हात माझाय का तुमचा?"

हात त्यांचाच होता. भाचीने काढून दिलं. आता बाजारात भेटले की ते मला नमस्कार करायच्या निमित्ताने बाही वर सारतात. संमतीपत्रात तेव्हापासून एक कलम वाढलं आहे, 'मजकूर गिऱ्हाइकाच्या इच्छेनुसार, शुद्धलेखनाची जबाबदारी मास्तरांवर नाही.'

असं सगळं बैजवार चाललं असताना दाजींनी स्वतःच खुर्चीत बसायचं ठरवलं. घरातल्या कुणीतरी हात द्यायला हवा, असं बरेच दिवस चाललं होतं. माझ्याकडे सगळ्यांचे डोळे वळत, आणि मला शुगर आहे याचा आनंद मी लपवू शकत नसे.

"काय काढू, पप्पा? महादेव? वाघ?" भाचीने विचारलं.

"माणसाने हातावर काय काढावं," दाजी म्हणाले, "तर ज्याची मरेपर्यंत साथ आहे ते."

ताई चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिचं नाव दोनच अक्षरी आहे, त्यामुळे फार दुखणारही नव्हतं. तिने पदर सावरला.

"पीपीओ नंबर काढ," दाजी म्हणाले.

पीपीओ म्हणजे पेन्शन पेमेंट ऑर्डर. तो नंबर दाजींना पाठ नसतो आणि दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला गेलं की कपाटं उपसावी लागतात. ताई ट्रे घेऊन तशीच आत गेली आणि त्या आठवड्यात दाजींना चहा माझ्या घरी प्यावा लागला. आकड्यांचा ताळा मी मूळ कागदाशी करून दिला. खाली 'मूळ प्रतीवरून पडताळले' असं बारीक अक्षरांत काढ, असा दाजींचा आग्रह होता. भाचीने कलेचं कारण देऊन नकार दिला.

नोव्हेंबरात मी त्यांच्याबरोबर बँकेत गेलो. खिडकीतल्या मुलीने मान वर न करता विचारलं, "पीपीओ नंबर?"

दाजींनी शर्टाचं बटण सोडलं, बाही घडी करत करत वर नेली आणि हात खिडकीतून आत घातला. आकडे सुरेख आले होते, ओळीत, एकाही ठिकाणी शाई न पसरता. मुलीने ते वाचून टाइप केले. मग प्रथमच मान वर करून हाताकडे पाहिलं, दाजींकडे पाहिलं आणि म्हणाली, "याची एक झेरॉक्स जोडा, काका. सेल्फ अटेस्टेड."

मला वाटलं, आता दाजी भडकणार. पण त्यांचा चेहरा उजळला. "बघा मास्तर," ते मला म्हणाले, "याला म्हणतात पद्धत."

समोरच्याच गाळ्यात झेरॉक्सचं दुकान होतं. दाजींनी घड्याळ काढून माझ्याकडे दिलं आणि हात काचेवर पालथा ठेवला, मग उताणा केला. पोराने झाकण हळूच खाली आणत विचारलं,

"पाठपोट काढू का, काका?"